वाफेच्या जत्रेत आलेली तार

अमेरिकेत काय पाहिलंत असं कोणी विचारलं की मी ‘मळणी पाहिली’ असं सांगतो. माणूस क्षणभर माझ्याकडे बघतो आणि मग तोच प्रश्न आमच्या हिला विचारतो. ती ‘नायगारा’ म्हणते आणि त्याचं समाधान होतं. नायगारा आम्ही पाहिला. तो मोठा आहे आणि जवळ गेलं की माणूस भिजतो. त्याच्याविषयी पुष्कळांनी लिहिलंय, आणखी एका सातारकराने लिहिण्याची गरज नाही. मळणीविषयी मात्र कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून हा खटाटोप.

मी तार खात्यातला माणूस. मिरज, अकोला आणि शेवटी सातारा अशी अडतीस वर्षं तारेच्या टेबलावर काढली. निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी, म्हणजे ८६ सालच्या उन्हाळ्यात, मुलाने तिकिटं पाठवली आणि आम्ही दोघं ॲन आर्बरला त्याच्याकडे गेलो. घरात मुलगा श्रीकांत, सून मेधा आणि अकरा वर्षांची नात रेणू. रेणूला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. आमच्या हिला इंग्रजी बरंचसं कळतं, उत्तर मात्र मराठीत जातं. दोघींचं त्यामुळे उत्तम जमलं.

बुधवार, ॲन आर्बर

श्रीकांत विद्यापीठात कॉम्प्युटरचं काम करतो. नेमकं काय करतो ते त्याने मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मला कळलं, पण दुसऱ्याला सांगायला गेलो की सापडत नाही. त्या दिवशी त्याने मला ऑफिसात नेलं. हिरव्या अक्षरांच्या पडद्यासमोर बसून त्याने कॅलिफोर्नियातल्या मित्राला चार ओळी टाइप केल्या. आम्ही कॉफी घेऊन आलो तोवर मित्राचं उत्तर पडद्यावर येऊन बसलं होतं.

“बघा बाबा, दोन हजार मैल,” श्रीकांत म्हणाला. “मेसेज पाठवला, रिप्लाय आला. संपलं.”

“मधे कोण होतं?” मी विचारलं.

“मधे कोणी नसतं. मशीन ते मशीन.”

मी कॉफी प्यायलो. अडतीस वर्षं मी ज्या ‘मधे’ बसून काढली होती ती जागाच या लोकांनी काढून टाकली होती, आणि ती गेल्याचं कोणाला वाईटही वाटत नव्हतं. संध्याकाळी मी नेहमीच्या फेरफटक्याला गेलो नाही. मुलाच्या ते लक्षात आलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तो पेपरातली एक जाहिरात कापून घेऊन आला. दक्षिणेला दीड-दोन तासांवर एका खेड्यात जुन्या वाफेच्या यंत्रांची जत्रा भरणार होती. मळणी, लाकूडकटाई, पिठाची गिरणी, छोटी आगगाडी आणि शेवटच्या ओळीत बारीक टाइपात ‘चालू तार ऑफिस’.

शुक्रवार, मक्यामधून

मेधाला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्यूटी होती, म्हणून आम्ही चौघं निघालो. गाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना मका सुरू झाला. तो संपेचना. पाऊण तास झाला तरी मकाच. सरळ रस्ता, सरळ ओळी, मधेच एखादं लाल कोठार आणि त्याच्या शेजारी उंच गोल टाकी. जमीन अशी सपाट की आमच्या कोरेगावकडचा शेतकरी बघून रडला असता. नदीकाठच्या रानातले दगड वेचण्यात त्याची निम्मी हयात गेलेली असते.

“इथे माणसं कुठे आहेत?” ही म्हणाली.

मी पाहिलं. खरंच, मैलोन् मैल शेत आणि शेतात एक माणूस नाही. ना बांधावर झोपाळलेलं कोणी, ना डोक्यावर भाकरी घेऊन निघालेली बाई.

एका घरापुढे कणसांचा ढीग मांडून एक वयस्क बाई बसली होती, तिथे गाडी थांबवली. हिने तिला तोच प्रश्न मराठीत विचारला, रेणूने इंग्रजी केलं. बाईने दूर एका बिंदूकडे बोट दाखवलं. जरा धूळ उडत होती. “तो माझा मुलगा,” ती म्हणाली. “सहाशे एकर तोच बघतो.”

“एकटा?”

“एकटाच. दुपारी जेवायलाही एकटाच येतो. माझ्या सासूच्या वेळी मळणीला वीस माणसं जेवायची, चार चार दिवस. सासूबाई म्हणायच्या, यंत्र आलं तेव्हा पहिल्यांदा माझी कंबर सरळ झाली. पण गप्पांना मुकलो.”

कणीस इतकं कोवळं होतं की ती म्हणाली, कच्चंच खा. हिने पर्समधून मीठ, तिखट आणि लिंबाची फोड काढली. अमेरिकेत ही पर्समध्ये लिंबू घेऊन हिंडत होती, हे मला तेव्हा कळलं. बाईलाही एक कणीस चोळून दिलं. तिने एक घास घेतला, डोळे पुसले, पाणी प्यायली आणि दुसरा घास घेतला. निघताना तिने आम्हाला सहा कणसं जास्त दिली, पण ती तिखटाबद्दल की तिखट परत नेल्याबद्दल, ते सांगता येत नाही.

शनिवार सकाळ, जत्रा

सकाळची मळणी हुकू नये म्हणून रात्र रस्त्याकडेच्या मोटेलात काढली आणि नऊला मैदानावर पोचलो. जत्रा म्हणजे अगदी जत्राच. धूळ, गर्दी, तळणीचा वास आणि कानठळ्या बसवणाऱ्या शिट्ट्या. फक्त देवाच्या जागी इंजिनं. हत्तीएवढी काळी वाफेची इंजिनं रांगेत उभी होती आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षांचे म्हातारे त्यांना तेल घालत होते, पुसत होते, पोटात लाकडं सारत होते. ज्या प्रेमाने ते पितळ घासत होते ते पाहून ही म्हणाली, “घरी भांडी घासतात का हो हे?”

मळणी सुरू झाली. वाफेच्या इंजिनापासून लांबलचक पट्टा निघून मळणीयंत्राला जोडलेला. दोघे जण काट्याने गव्हाच्या पेंढ्या आत टाकत होते, एका बाजूने धान्याची धार पडत होती आणि दुसऱ्या नळीतून भुसा उडून त्याचा डोंगर होत होता. मी लहानपणी आजोळी खळ्यावर बैलांच्या मागे फिरलोय. खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, म्हणजे तिवड्याभोवती, बैल गरागरा फिरायचे, मग वाऱ्याची वाट बघत बसायचं, आणि वारा आला की तिकाटण्यावर, म्हणजे उंच तिवईवर, उभं राहून उफणायचं. आठवडा जायचा. इथे माझ्या डोळ्यांदेखत दहा मिनिटांत आजोळचं अख्खं खळं आटोपलं.

काट्यावरचा एक म्हातारा दमून माझ्या शेजारी बसला. त्याला मी विचारलं की घरी याहून मोठं यंत्र असताना हे कशाला?

“घरचं यंत्र कापतं, मळतं, भरतं, सगळं एकटं करतं. त्यात रेडिओ आहे, थंड हवा आहे,” तो घाम पुसत म्हणाला. “पण तिथे मला कोणी शिव्या देत नाही. इथे हळू टाकलं की माझा शेजारी वरून ओरडतो. वर्षातून एकदा बरं वाटतं.”

या देशाची ही गंमत मला फार आवडली. आधी शंभर वर्षं खपून हातातलं प्रत्येक काम यंत्राला देऊन टाकायचं आणि मग सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून तेच काम हाताने करायला यायचं. एका तंबूत झालरीची टोपी घातलेली बाई लोणी घुसळत होती आणि भोवती पन्नास माणसं श्वास रोखून उभी होती. ही तिथे दोन मिनिटं थांबली. “तीस वर्षं घुसळतेय,” ती म्हणाली, “आपल्या घरातलं माणूस कधी उठून बघायला आलं नाही.” मी पुढच्या तंबूकडे चालू लागलो.

पुढच्या तंबूत चरखा होता, लोकर कातायचा. शेजारीच पट्ट्यावर फिरणारं कातण्याचं यंत्र, एका फेरीत चाळीस धागे काढणारं. यंत्र दाखवणारा सांगत होता की हे आलं आणि खेड्यातल्या मुली घरचा चरखा सोडून गिरणीत कामाला गेल्या, भोंग्यावर उठू लागल्या, भोंग्यावर जेवू लागल्या. रेणूने विचारलं, “आजोबा, कॅन यू डू दॅट?” शाळेत आम्हाला टकळी सक्तीची होती आणि माझा धागा वर्षभर तुटत होता, पण नातीसमोर मी ‘थोडंफार’ म्हणालो. सुदैवाने कोणी चरखा पुढे केला नाही.

पिठाच्या गिरणीत हिने मक्याचं पीठ चिमटीत धरून पाहिलं, जाडसर आहे म्हणाली, आणि रेणूकरवी गिरणीवाल्याला विचारलं की मिरची दळल्यावर लगेच गहू घेता का. गिरणीवाल्याला प्रश्नच समजला नाही. ज्या देशात हा प्रश्न समजत नाही तिथे गिरण्या उगीचच चालतात, असं हिचं मत झालं.

त्या दिवशी श्रावणी शनिवार होता आणि हिचा उपास होता. हिला मधुमेह आहे. उपास करू नको असं डॉक्टर सांगतात, श्रीकांत सांगतो, मी सांगतो. तिने सकाळी एक केळं खाल्लं आणि साखर उतरवायची गोळी नेमाने घेतली, म्हणजे व्रताचा आणि डॉक्टरांचा दोघांचाही मान राखला. मी कुरकुर केली. “उपासातलं तुम्हाला काय कळतं,” ती म्हणाली. ते खरं होतं.

तार ऑफिस मैदानाच्या टोकाला, छोट्या आगगाडीच्या स्टेशनात होतं. आत टेबल, ठोके पाठवायचा खटका आणि आलेले ठोके वाजवणारा साउंडर. साउंडरच्या मागे तंबाखूचा पत्र्याचा डबा खोचलेला, आवाज मोठा यावा म्हणून. मी दारातच थांबलो. मिरजेला आम्ही बिस्किटांचा डबा खोचायचो. टेबलामागे हिरवी टोपी घातलेला उंच, हाडकुळा म्हातारा बसला होता. त्याचं नाव वॉल्टर. चाळीस वर्षं रेल्वेत तारमास्तर होता.

श्रीकांतने ओळख करून दिली. वॉल्टरने खुर्ची रिकामी केली आणि हाताने खूण केली, बसा. लोक जमले. रेणू पुढे येऊन उभी राहिली. मी कोट सारखा केला आणि माझ्या नेहमीच्या वेगाने ‘हॅलो फ्रॉम इंडिया’ पाठवलं.

वॉल्टरने कान देऊन ऐकलं, पेन्सिलीने लिहिलं आणि कागद मला दाखवला. “एच, ई, एक्स, एक्स, पाच. क्यू, एफ, पाच, एम. इंडिया,” त्याने वाचून दाखवलं. “इंडिया तेवढं पोचलं.”

लोक हसले. मग त्याने पाठवलं आणि मी लिहिलं. डब्ल्यू, ई, टी, आय, ई, ई, ई, एम, ई. तो म्हणाला, “मी ‘वेलकम’ म्हणालो.”

भानगड अशी की तारेची लिपी आधी अमेरिकेत तयार झाली. पुढे युरोपने ती सुधारली आणि सगळ्या जगाने, आमच्यासकट, सुधारलेली घेतली. अमेरिकेच्या रेल्वेने मात्र आपली जुनीच ठेवली, जसे मैल आणि पौंड ठेवलेत तसेच. दहा-अकरा अक्षरं वेगळी. माझा ओ म्हणजे तीन लांब ठोके, त्याचा ओ म्हणजे दोन आखूड आणि मधे श्वासभर विराम. आम्ही दोघं जन्मभर एकच धंदा केलेले म्हातारे, आणि एकमेकांना अडाणी.

“आधी नमस्कार तरी करा, मग बोला,” ही मागून म्हणाली.

मी ‘नमस्ते’ पाठवलं. वॉल्टरने लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं. सातही अक्षरं बरोबर. योगायोग असा की नमस्तेमधलं प्रत्येक अक्षर दोन्ही लिप्यांत सारखंच आहे. ‘नमस्कार’ पाठवला असता तर त्याला ‘नमस्काफ’ मिळाला असता. वॉल्टरने अर्थ विचारला, हिने हात जोडून दाखवले, त्यानेही टोपी काढून हात जोडले.

त्यानंतर दोन तास मी तिथून हललो नाही. वॉल्टरने वेगळ्या अक्षरांचा तक्ता लिहून दिला आणि मी मराठीत खुणा करून तो पाठ करायला लागलो. त्याचा एफ म्हणजे आपला आर. त्याचा पी म्हणजे आपला पाच. बोलता बोलता तो म्हणाला की रेल्वे येण्याआधी इथल्या प्रत्येक गावाची दुपार वेगळी होती, डोक्यावर सूर्य आला की बारा. गाड्या धावू लागल्या तसा गोंधळ झाला, आणि मग वेळ तारेने येऊ लागली. “रोज दुपारी मी गावाला बारा वाजल्याचं सांगायचो,” तो म्हणाला. “लोक घड्याळं घेऊन दारात उभे असायचे. आता मला कोणी वेळ विचारत नाही.” मी त्याला श्रीकांतच्या हिरव्या पडद्याविषयी सांगितलं. त्याने मान हलवली आणि खिशातला तंबाखू पुढे केला. मी खात नाही, पण चिमूटभर घेतला.

शनिवार दुपार, स्टेशन

छोटी आगगाडी मैदानातून निघून झाडीतून दोन मैलांवरच्या दुसऱ्या स्टेशनापर्यंत जायची आणि उलटी यायची. त्या टोकालाही खटका होता. नेहमी तिथे वॉल्टरचा मित्र बसायचा, पण त्याचा गुडघा दुखत होता म्हणून तो यंदा आला नव्हता. वॉल्टर मला म्हणाला, “मी गाडीबरोबर जातो, तुम्ही हे टेबल सांभाळा. मुलं तिकडून निरोप पाठवतील, तुम्ही घ्या.” आणि त्याने आपली हिरवी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. निवृत्तीनंतर चार वर्षांनी परदेशात माझी नेमणूक झाली होती, तीही टोपीसकट.

गाडीत ही आणि रेणू बसल्या. श्रीकांत इंजिनांचे फोटो काढायला मैदानात गेला. गाडी शिट्टी वाजवून गेली. वीस मिनिटांनी साउंडर वाजू लागला आणि मी तक्त्यावर बोट ठेवून मुलांची नावं लिहून घेऊ लागलो. मोठी मजा चालली होती.

मग वारा सुटला. आभाळ पश्चिमेकडून काळं झालं, तंबूंची कापडं फडफडली, लोक धावू लागले. वीज नव्हती, नुसता वारा आणि आडवा पाऊस. दहा-बारा मिनिटांत सगळं शांत झालं. परतीची वेळ उलटून गेली तरी गाडी आली नाही. त्या टोकाला टेलिफोन नव्हता. स्टेशनवरचा स्वयंसेवक दारात उभा राहून रुळांकडे बघत होता.

साउंडर वाजला. वॉल्टर आता सकाळसारखा सावकाश पाठवत नव्हता. टी, ई, आय, ई, ई असं काहीतरी आलं, आणि मी तक्ता बघेपर्यंत तो पुढे गेला होता. टी-आर-ई-ई, झाड. रुळावर झाड. मी स्वयंसेवकाला ओरडून सांगितलं आणि तो करवतीची माणसं आणायला धावला. पुन्हा ठोके. मधलं हुकलं, पण शेवटचे दोन शब्द मला नीट मिळाले: ‘वायर डाउन’. तार तुटली.

मी खुर्चीवरून उठून खिडकीतून तार पाहिली. खांबाला नीट होती. आणि तुटली असती तर हा निरोप आला कुठून? वॉल्टर घाबरलाय, असं मला वाटलं, आणि जरा बरंही वाटलं. मी अनुभवी माणसाच्या ऐटीत उत्तर दिलं: ‘वायर ओके’.

पलीकडे सगळं थांबलं. मग ठोके आले, एकेक करून, भिंतीवर खिळा मारावा तसे. ‘नो’. आणि पुन्हा तेच चार अक्षरांचं: डब्ल्यू, आय, आर, ई.

माझं बोट तक्त्यावर होतं. माझ्याच अक्षरात तिथे लिहिलेलं होतं: त्याचा एफ म्हणजे आपला आर.

वायर नाही. वाइफ.

वॉल्टर मला सांगत होता की माझी बायको पडली आहे, आणि मी त्याला उलट टपाली कळवलं होतं की ठीक आहे.

पुढचं मी नीट सांगू शकत नाही. लोकांच्या मुलांच्या, आईबापांच्या बातम्या मी सरळ अक्षरात लिहून दिल्या होत्या. आता मला ‘हाऊ’ एवढंच कसंबसं पाठवता आलं. उत्तर आलं: ‘अवेक’. शुद्धीवर. त्या शब्दातलं प्रत्येक अक्षर दोन्ही लिप्यांत सारखं आहे, त्यामुळे चूक होण्याचा प्रश्न नव्हता. पण मला ते खरं वाटेना. आमच्याकडे ‘प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा’ अशी तार आली की आम्ही टेबलावरचे लोक एकमेकांकडे बघायचो. गंभीर म्हणजे संपलेलं असायचं. माणूस प्रवासात कोलमडू नये म्हणून लिहिणारा थोडं कमी लिहायचा. असं कमी लिहिलेलं मी अडतीस वर्षं पोचवत आलो होतो. आता वॉल्टरसारखा भला माणूस मला ‘शुद्धीवर आहे’ असं कळवत होता. भला माणूस दुसरं काय कळवणार?

श्रीकांत धावत आला. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने विचारलं, “बाबा, काय झालं?”

‘आई पडली’ एवढंच सांगून मी हाताने त्याला गप्प केलं, कारण साउंडर पुन्हा सुरू झाला होता. लांबलचक निरोप होता आणि वॉल्टर अक्षराअक्षराला थांबत होता. ‘आस्क्स’, विचारते आहे. मग एम, ए, पाच, टी, ई. पाच म्हणजे त्याचा पी, लांबलेला टी म्हणजे त्याचा एल. मेपल, म्हणजे ते झाड ज्याच्या रसाची इथे साखर करतात. शुगर. ओके. फॉर. आणि शेवटचं रास्ट, म्हणजे फास्ट.

मी ते एका ओळीत लिहिलं आणि दोनदा वाचलं. ‘विचारते आहे, मेपलची साखर उपासाला चालते का?’

“व्हॉट?” श्रीकांत म्हणाला. “आई पडली आणि ती हे विचारतेय?”

मी खुर्चीत मागे टेकलो. तो प्रश्न वॉल्टर रचू शकला नसता, रेणू रचू शकली नसती, या जगात दुसरं कोणीही रचू शकलं नसतं. ही जिवंत होती, शुद्धीवर होती, आणि हट्टाला पेटलेली होती. राग मात्र आता आला. साखर उतरून माणूस पडतं आणि समोर खडा धरला तर पंचांग काढतं. मी खटक्यावर हात ठेवला. तीन अक्षरांचा शब्द होता, दोन्ही लिप्यांत एकच: ‘ईट’. खा.

करवतीवाले ट्रॅक्टर घेऊन गेले. तासाभराने गाडी आली. पहिल्याच डब्यात ही वॉल्टरचा कोट अंगावर घेऊन बसली होती, हातात कागदाची पुडी. रेणू तिच्या कुशीत, रडून डोळे सुजलेले. श्रीकांतने दोघींना प्रथमोपचाराच्या तंबूत नेलं. तिथल्या नर्सने तपासलं, आता ठीक आहे म्हणाली, आणि मग इतक्या जणांच्या देखत तिला असं रागावली की तेवढ्यासाठी मी त्या बाईचा जन्माचा ऋणी आहे. हिने नर्सचं सगळं इंग्रजी ऐकून घेतलं आणि उत्तर मराठीत दिलं. रेणूने त्याचं भाषांतर करायचं नाकारलं.

निघताना मी वॉल्टरला टोपी परत दिली. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, “तुम्ही ‘वाइफ ओके’ कळवलंत तेव्हा मला वाटलं, तुमच्या देशात नवरे वेगळे असतात.”

“मी वायर म्हटलं होतं.”

“ते मला नंतर तक्ता बघून कळलं,” तो म्हणाला. “माफ करा. घाईत मी माझ्याच भाषेत बोललो.”

मी त्याला सांगितलं की घाईत सगळेच तसं बोलतात. त्याने पुन्हा एकदा टोपी काढून हिला हात जोडले.

गाडीत मागच्या सीटवर आम्ही दोघं बसलो. रेणू पुढे झोपली होती. बाहेर पावसाने धुतलेला मका होता. शेवटी न राहवून मी म्हणालो, “चक्कर आल्यावर साखर पुढे केली तर माणूस खातं. विचारत बसत नाही.”

“त्या आजोबांनी ‘शी इज ओके’ पाठवतो म्हटलं होतं,” ती बाहेर बघत म्हणाली. “मीच नको म्हटलं. तुम्ही जन्मभर लोकांच्या तारा घेतल्यात. मी बरी आहे, असं तारेत आलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असता का?”

मी चष्मा काढून हातात घेतला.

“म्हटलं, उपासाचं विचारावं. म्हणजे मीच आहे, एवढं तरी कळेल.”

श्रीकांतने आरशातून मागे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागला. मी चष्मा पुसला. तो पुन्हा डोळ्यांवर चढवत मी विचारलं, “आणि चालत नाही, असं मी कळवलं असतं तर?”

“तोवर माझे तीन खडे खाऊन झाले होते,” ती म्हणाली.